रामेश्वरभियांचा ट्रॅक्टर आणि सूर्याचा वारा

माझ्या नोकरीची सुरुवात रोज सकाळी पिना काढण्यापासून व्हायची. साडीच्या पिना, केसांतले आकडे, मनगटावरचं घड्याळ, घराच्या किल्ल्या आणि शेवटी चपला, कारण चपलांच्या टाचांत खिळे असतात. हे सगळं दाराशी ठेवलेल्या बांबूच्या परडीत टाकायचं, पदर कमरेला घट्ट खोचायचा आणि अनवाणी आत जायचं. धारजवळच्या तिरल्याच्या पुढे, शेतांच्या मधोमध आमचं चुंबकीय निरीक्षण केंद्र आहे आणि त्याच्या मोजणीच्या खोलीत टाचणीएवढंही लोखंड चालत नाही. बत्तीस वर्षं मी तिथे निरीक्षक होते. गेल्या वर्षी निवृत्त झाले.

माझं माहेर देवासचं. वडील कऱ्हाडहून तिथल्या कारखान्यात नोकरीला आले आणि तिथलेच झाले. सासर धारचं, जुन्या दरबारी नोकरीतलं घराणं. आमचे मामंजी फार मोजकं आणि जुन्या वळणाचं मराठी बोलत. माझी नोकरी काय आहे हे त्यांना समजावून सांगितलं, तेव्हा थोडा विचार करून ते म्हणाले, “म्हणजे सूनबाई, कुंकवाखेरीज सर्व काही काढून ठेवावे लागते म्हणा की.” यजमान शाळेत मास्तर, त्यामुळे धारमधल्या निम्म्या मुलांनी माझं नाव ‘चुंबकवाल्या काकू’ ठेवून टाकलं. ते अजून चालू आहे.

कामाविषयी थोडं सांगते. पृथ्वी हा एक मोठा चुंबक आहे हे सगळ्यांनी शाळेत वाचलेलं असतं. त्या चुंबकाचा जोर आणि दिशा क्षणोक्षणी किंचित बदलत असतात, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ते बदल टिपून ठेवायचे, एवढंच आमचं काम. मी लागले तेव्हा एका अंधाऱ्या खोलीत बारीक चुंबक केसाहून बारीक धाग्यांना टांगलेले असत आणि त्यांना इवलेसे आरसे चिकटवलेले असत. आरशावर पडलेला दिव्याचा किरण परत फिरून, सावकाश फिरणाऱ्या एका ढोलावर गुंडाळलेल्या फोटोच्या कागदावर पडे. चुंबक जरासा हलला की ठिपका हले. एका दिवसाचा एक कागद. दुसऱ्या दिवशी सकाळी तो धुवून काढला की त्यावर तीन रेघा दिसत. आदला दिवस पृथ्वीचा कसा गेला, ते त्या रेघांत असे. पण रेघ चढली की उतरली एवढंच तिच्यावरून कळतं. नेमका आकडा हवा असेल तर शेजारच्या पांढऱ्या खोलीत जाऊन दुर्बिणीसारखं एक यंत्र सगळ्या बाजूंना फिरवत हाताने मोजणी घ्यावी लागते. तिला पाऊण तास लागतो आणि त्या पाऊण तासात आसपास लोखंड हललेलं परवडत नाही.

खोली पांढरी का, तर आपल्या माळव्याच्या काळ्या दगडात स्वतःचाच थोडा चुंबकपणा असतो. म्हणून कुक्षीकडून चुनखडीचा दगड आणून ती बांधली. खिळे तांब्याचे, बिजागऱ्या पितळेच्या, खिडक्या लाकडाच्या. हे सगळं उभं केलं पुराणिकसाहेबांनी. ते माझे पहिले वरिष्ठ. चष्म्याच्या काड्यांचे स्क्रूसुद्धा त्यांनी धारच्या सोनाराकडून पितळेचे करून घेतले होते, आणि मला चष्मा लागला तेव्हा सगळ्यांत आधी त्यांनी त्या सोनाराचा पत्ता दिला.

पाहुणे आले की खरी गंमत यायची. एकदा धारच्या महिला मंडळाच्या तीसेक बायका केंद्र बघायला आल्या. परडीत पिनांचा ढीग झाला. मंगळसूत्रांच्या मागे लपवलेल्या पिना मी एकेकीच्या मागे जाऊन काढल्या. परत निघताना कुणाची पिन कुठली हे कुणालाच ओळखता येईना आणि मुठीत येतील तेवढ्या पिना घेऊन सगळ्या गेल्या. एकदा एक बडे अधिकारी आले, त्यांच्यासोबत बंदूकवाला शिपाई. शिपायाला मी लांब कडुलिंबाखाली उभं राहायला सांगितलं. अधिकारी चिडले. म्हणाले, “मैडम, बंदूक चल थोड़े ही रही है.” मी म्हटलं, “साहेब, ती चालायची गरजच नाही. ती नुसती असली तरी पुरते.” त्यांना ते उद्धट वाटलं असावं, पण ते नुसतं भौतिकशास्त्र होतं.

आणि एकदा एक गृहस्थ मंदिर बांधायला ‘अगदी अस्सल उत्तर दिशा’ विचारायला आले. मी त्यांना सांगितलं की सुईची उत्तर वेगळी, खरी उत्तर वेगळी आणि सुईची तर हळूहळू सरकतही असते. ते इतके घाबरले की चहा न घेताच गेले.

तर, त्या कडुलिंबाविषयी. केंद्राच्या कुंपणाला लागून रामेश्वरभियांचं (माळवीत ‘भिया’ म्हणजे भाऊ) शेत आहे. कुंपणापासून चांगल्या दीडशे पावलांवर, त्यांच्याच हद्दीत एक कडुलिंब. त्या झाडाच्या अलीकडे लोखंड आलं तर आमच्या सुया हलतात, झाडापलीकडे राहिलं तर हलत नाहीत. पुराणिकसाहेबांनी केंद्र सुरू करताना रामेश्वरभियांच्या ओसरीवर बसून त्यांच्याशी एक करार केला. कागदावर काहीच नाही, सगळं तोंडी. मोजणी चालू असेल तेव्हा आम्ही बांबूवर पांढरा झेंडा चढवू. झेंडा वर असेपर्यंत ट्रॅक्टर कडुलिंबाच्या अलीकडे आणायचा नाही. झेंडा उतरला की शेत त्यांचं. साहेबांच्या जुन्या धोतराचा तो झेंडा होता. रामेश्वरभियांनी त्या बदल्यात काही मागितलं नाही. एवढंच विचारलं, “साब, ई मशीन देखे कई?” ही मशीन बघते तरी काय? साहेब म्हणाले, “सूरज को देखती है.” भियांनी मान डोलावली. तेव्हापासून गावात कुणी केंद्राजवळ मोटार लावायला किंवा तारेचा खांब रोवायला निघालं की तेच आडवे यायचे. “याँ सूरज की नाप चाले हे, भिया. थोड़ो परे.”

पुराणिकसाहेब निवृत्त झाल्यावर केंद्र माझ्याकडे आलं. मी काम चोख करायचे आणि आपण चोख आहोत याचा मला माजही होता. तो आज कबूल करायला हरकत नाही.

अठराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. रब्बीचं पीक निघालं होतं, शेतं मोकळी होती. सकाळी दहाच्या सुमाराला मी मोजणी घेत होते. निम्मी झाली आणि आकडे जुळेनासे झाले. आत्ता घेतलेलं माप पाच मिनिटांपूर्वीच्या मापाला ओळखच देईना. असं झालं की पहिला संशय लोखंडाचा. मी आधी स्वतःचे केस चाचपले, आकडा राहिला असेल म्हणून. नव्हता. बाहेर येऊन बघते तर कडुलिंबाच्या पलीकडे रामेश्वरभियांचा ट्रॅक्टर उभा, त्यावर भिया बसलेले, आणि अलीकडे, अगदी कुंपणाला लागून, चाकांच्या ताज्या खुणा. झेंडा वर फडफडत होता.

मी तिथूनच ओरडले. मला बाहेर येताना बघून ते ट्रॅक्टर मागे घेऊन झाडापलीकडे गेले असणार, अशी माझी खात्री होती. भिया ट्रॅक्टरवरून उतरून चालत कुंपणापाशी आले.

“बेनजी, ट्रॅक्टर नीम से आगे आयो ज नी. ई निसान तो काल साँज का हे. काल झंडो उतर्यो जदे पट्टी हाँकी थी.” खुणा आदल्या संध्याकाळच्या, झेंडा उतरल्यावर पट्टी नांगरली तेव्हाच्या, असं ते सांगत होते.

“भिया, मुझे मत सिखाइए. मशीन झूठ नहीं बोलती.”

“मशीन नी बोले, बेनजी. मूँ बी नी बोलूँ.”

शेतात त्यांचे दोन भाऊ होते, वाटेने चाललेली चार माणसं थांबली होती. त्या सगळ्यांसमोर मी म्हटलं, “फिर क्या सूरज झूठ बोल रहा है?” मला तेव्हा ते वाक्य फार झकास वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी कागद धुतला. बरोबर त्याच वेळेला तिन्ही रेघांना धक्का बसलेला, मुख्य रेघ ताडकन वर चढलेली. पुरावाच मिळाला म्हणून मला बरं वाटलं. नोंदवहीत शेरा लिहायचा असतो. पुराणिकसाहेब शेरे मराठीत लिहीत, त्यांच्यामागे मीही मराठीतच लिहायचे. मी लिहिलं: ‘झेंडा असताना शेजारील ट्रॅक्टर हद्दीत आला. दहा ते दुपारपर्यंतची नोंद बाद धरावी.’ मुख्य कार्यालयाला कळवलं. तिथून ग्रामपंचायतीला समज देणारं पत्र गेलं, आणि ते पंचायतीत सगळ्यांसमोर वाचलं गेलं. रामेश्वरभियांनी शब्द मोडला, असं त्या कागदावर छापील अक्षरांत होतं.

त्यानंतर भिया माझ्याशी बोलले नाहीत. भांडले नाहीत, तक्रार केली नाही. समोर आले की हात जोडायचे आणि पुढे जायचे. पूर्वी मक्याच्या दिवसांत घरचे भुट्टे यायचे, ते यायचे बंद झाले. पुढच्या हंगामापासून कुंपणाला लागून असलेली ती पट्टी ते बैलांनी नांगरायला लागले. बाकी सगळं शेत ट्रॅक्टरने आणि तेवढी एक पट्टी बैलांनी. मला वाटलं, राग आहे, मला दाखवण्यासाठी चाललंय. मी यजमानांना म्हटलंसुद्धा, “बघा, एवढ्यासाठी बैल पोसतात. केवढा हा ताठा!”

आता सूर्याकडे वळते. त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

सूर्यापासून सगळीकडे सतत एक वारा वाहत असतो. विजेचा भार असलेल्या अतिशय विरळ वायूचा तो वारा. तो येताना सूर्याचं चुंबकत्वही आपल्यासोबत ओढून आणतो. पृथ्वीच्या चुंबकाचं भोवताली एक कवच असतं, त्यावर हा वारा आपटतो. जोराचा झोत आला की कवच दाबलं जातं आणि जगभरच्या सुया एकाच वेळी उडी मारतात. पण नुसत्या दाबाने आत फारसं काही शिरत नाही. खरी गोष्ट वाऱ्यातल्या चुंबकाच्या दिशेवर ठरते. ती उत्तरेकडे असेल तर पृथ्वीचं कवच बहुतेक बंद राहतं. ती दक्षिणेकडे वळली, म्हणजे आपल्या चुंबकाच्या उलट झाली, की बाहेरच्या रेषा आणि आपल्या रेषा एकमेकींना जोडल्या जातात. मग वारा त्या जोडलेल्या रेषा ध्रुवांवरून मागे ओढत नेतो, आणि या ओढण्यातून वीज तयार होते.

देवासकडच्या लोकांना हे समजवायला मला कधी कष्ट पडले नाहीत. आमच्या टेकड्यांवर पवनचक्क्या आहेत. वारा वाहतो, पाती फिरतात, वीज तयार होते. आकाशातही तेच होतं. फक्त तिथली चक्की वाऱ्याच्या जोराकडे कमी बघते आणि दिशेकडे जास्त. दिशा चुकली तर वादळ आलं तरी पाती जागच्या जागी.

तयार झालेली वीज पृथ्वीच्या चुंबकाच्या रेषा धरून ध्रुवाजवळ खाली उतरते, शंभरएक किलोमीटर उंचीवरच्या विरळ हवेतून आडवी वाहते आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा वर जाते. घरातल्या वायरिंगसारखं पूर्ण मंडल. जिथे वीज वर जात असते तिथे तिच्या उलट दिशेने इलेक्ट्रॉन खाली कोसळतात, हवेतल्या कणांवर आदळतात आणि हवा उजळते. हिरवी, लाल, जांभळी. ध्रुवीय प्रकाशाचे पडदे म्हणून आपण फोटोत बघतो ते हेच. वाऱ्यातलं चुंबक पूर्व-पश्चिम कललं तर हे सगळं मंडलही एका अंगाला कलतं. कोट्यवधी मैलांवरून आलेल्या वाऱ्यातली चुंबकाची सुई कुठे कलली आहे यावरून ध्रुवावरचा प्रकाश कुठे झुकणार ते ठरतं, याचं मला बत्तीस वर्षांत कधी नवल वाटेनासं झालं नाही. मी तो प्रकाश डोळ्यांनी कधी पाहिला नाही. पण त्याला चालवणारा वारा आमच्या तिरल्याच्या सुयांना रोज हलवून जायचा, आणि मला तेवढं पुरायचं. हे एवढं मोठं यंत्र कुणी न चालवता चालतं आणि त्याची चाहूल आपल्याला चुनखडीच्या एका खोलीत अनवाणी उभं राहून लागते, या विचाराने कित्येकदा मोजणी संपल्यावरही मी तशीच उभी राहायचे.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या काळात, मे महिन्यात, फार मोठं चुंबकीय वादळ आलं. लडाखच्या आकाशात क्षितिजाजवळ लाल प्रकाश दिसला आणि त्याचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरले. मी सकाळी केंद्रावर पोचले तेव्हा संगणकाच्या पडद्यावर (तोवर ढोल आणि फोटोचे कागद जाऊन संगणक आला होता) रेघ तळाला गेलेली होती. वाऱ्यातल्या चुंबकाची दिशा दक्षिणेला वळून तशीच टिकली होती. धारमधले लोक गच्चीवर जायचं का म्हणून मला फोन करत होते. आपल्याकडे दिसणार नाही म्हटल्यावर एकाने तर मलाच सुनावलं, “काकू, तो फिर आपका सेंटर यहाँ है किसलिए?”

या वादळामुळे मुख्य कार्यालयाला जुन्या नोंदींची आठवण झाली. सगळे जुने कागद संगणकात चढवायचे ठरलं. ते काम तन्वी या तरुण संशोधिकेकडे होतं. ती आमच्या देवासच्याच एका मराठी घरातली. शिक्षण हिंदीत झालेलं, त्यामुळे मराठी बोलते पण वाचताना अडखळते. एके दिवशी दुपारी तिचा फोन आला.

“ताई, एक डाउट आहे. पुराने कागद में एक दिन सकाळी दहा वाजता मोठा जंप आहे. मैंने बाकी स्टेशनों से मिलाया. दक्षिणेतलं, उत्तरेतलं, परदेशातलं पण. सगळीकडे सेम मिनट. पण आपल्याकडे तो हिस्सा काटा हुआ है. वहीत मराठीत काहीतरी लिहिलंय, शाई पुसट झाली आहे, मला वाचता नाही येत. फोटो पाठवला आहे. वाचून सांगा ना, काय लिहिलंय?”

फोटो उघडला. अक्षर माझंच होतं.

मी वाचलं, “शेजारील ट्रॅक्टर हद्दीत आला.”

“ट्रॅक्टर?” ती हसली. “ताई, सगळ्या दुनियेत एकाच मिनिटाला ट्रॅक्टर आला?”

त्या दिवशी सूर्याकडून झोत आला होता. पृथ्वीचं कवच दाबलं गेलं, सुयांनी उडी मारली. पण वाऱ्यातल्या चुंबकाची दिशा उत्तरेला होती, म्हणून कवच उघडलं नाही आणि मागून वादळ आलंच नाही. वादळ आलं असतं तर दुसऱ्या दिवशीचा कागद बघून मी लगेच सावध झाले असते. आणि एक गोष्ट तर माझ्या डोळ्यांसमोर होती. ट्रॅक्टर लांब गेला की रेघ लगेच जागेवर यायला हवी. माझी रेघ हळूहळू दुपारपर्यंत उतरत गेली होती. दुपारी रेघ रोजच थोडी उतरते, तसंच हे, अशी मी स्वतःची समजूत घातली. मला ट्रॅक्टर दिसला होता, मग बाकी काही बघायची गरज वाटली नाही. सूर्याला मोजायला बसवलेली बाई मी, आणि सूर्य समोर आला तर त्याला ट्रॅक्टर समजून वहीतून काढून टाकलं.

माझी निवृत्ती तीन महिन्यांवर होती. तन्वीला मी म्हटलं की ही नोंद अधिकृतपणे दुरुस्त करायची, चूक निरीक्षकाची आहे असं लिहायचं. ती घाबरली. “ताई, छोड दो ना. मी फक्त कटा हुआ हिस्सा वापस जोडते. चूक लिहिलं तर तुमच्या बाकीच्या शेऱ्यांवर पण लोग सवाल करेंगे.” तिचं म्हणणं खरं होतं. म्हणून पुढचे दोन महिने मी तेच केलं. ‘स्थानिक कारण’ म्हणून मी बाद केलेला प्रत्येक तुकडा काढला आणि दुसऱ्या केंद्रांच्या नोंदींशी ताडून पाहिला. एकही दुसरा चुकलेला निघाला नाही. चुकले होते ते एकदाच, आणि नेमकं ज्या माणसाने कधी शब्द मोडला नव्हता त्याच्याच बाबतीत.

आमच्या वहीत खाडाखोड करायची नसते. जुनी नोंद दिसत राहील अशी एक आडवी रेघ मारायची, खाली लाल शाईने खरं लिहायचं, तारीख घालायची, सही करायची. मी लिहिलं: ‘वरील शेरा चुकीचा. धक्का सूर्याकडून आलेला होता. श्री. रामेश्वर यांचा ट्रॅक्टर हद्दीबाहेर होता. त्यांनी तसे सांगितले होते. निरीक्षकाने ऐकले नाही.’ कार्यालयातल्या एका साहेबांना शेवटचं वाक्य अनावश्यक वाटलं. मी ते तसंच ठेवलं. पंचायतीलाही नवं पत्र गेलं आणि ते वाचलं गेलं, तेव्हा मी तिथे मागे उभी होते. भिया आले नव्हते. गुडघे दुखतात म्हणून ते आता फारसे कुठे जात नाहीत.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी ती वही घेऊन मी त्यांच्या शेतावर गेले. वही केंद्राबाहेर न्यायची नसते. त्या एका दिवशी मी तो नियमही मोडला. ते विहिरीजवळ खाटेवर बसले होते. मी खाली बसायला लागले तर त्यांनी हाताने थांबवलं आणि नातसुनेला दुसरी खाट आणायला सांगितलं.

मी पान उघडून, बोट ठेवून त्यांना लाल शाईतलं सगळं हिंदीत वाचून दाखवलं. मग म्हटलं, “भिया, ग़लती मेरी थी. मैंने सबके सामने कहा था, इसलिए माफ़ी भी मैंने पंचायत को लिखकर दी है. पर आपसे तो मुँह से ही माँगनी है.”

त्यांनी वही जवळ घेतली. त्यांना वाचता येत नाही. आडवी रेघ मारलेल्या ओळीवर आणि तिच्या खालच्या लाल ओळींवर त्यांनी बोट फिरवलं.

“तो वणा दन हुयो कई थो, बेनजी?” त्या दिवशी झालं तरी काय?

त्यांची मुलगी टोंकखुर्दला दिली आहे, तिच्याकडे जाताना पवनचक्क्या लागतात. मी त्या चक्क्यांचंच उदाहरण दिलं. म्हटलं, सूरज से हवा आई थी, जोर की आई थी. पर दिशा ग़लत थी, इसलिए चक्की नहीं घूमी, बस एक धक्का लगा.

“हवा आई, चक्की नी फरी,” ते म्हणाले. “ने नाम म्हारो लिखायो.”

त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. कुंपणाकडची पट्टी समोर दिसत होती, नुकतीच नांगरलेली. बैलजोडी बांधावर चरत होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं की अजून बैल का ठेवले आहेत, त्यांचं करायला आता किती त्रास होत असेल.

“ऊ दन का बाद ट्रॅक्टर अणी पट्टी में लायो ज नी,” ते म्हणाले. “झंडो हो के नी हो. मन में आयो, अब कदी थारा कागद की लेण हली तो थारे सोचणो नी पड़े. ट्रॅक्टर तो हे ज नी. जो होगो, ऊ सूरज को ज होगो.”

अठरा वर्षं ते बैल माझ्या समोरून जात होते आणि मी त्यांना ताठा म्हणत होते. माझ्या रेघेवर कुणाला शंका येऊ नये म्हणून तो माणूस ऊन-पावसात बैलांमागे चालत होता. मी वाकून त्यांच्या पायाला हात लावला. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे असतील, तरी ते संकोचले.

मग ते हसले. खाटेवरून कडुलिंबाकडे बघत म्हणाले, “तो अब ट्रॅक्टर लऊँ याँ?”

बत्तीस वर्षांची सवय. विचार करायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं, “झंडा उतर जाए, तब.”

“ऊ तो म्हने वणा दन बी मालम थो, बेनजी.”